शुश्रूषेचा मूळ अर्थ

‘शुश्रूषा’ या शब्दाचा रूढ अर्थ सेवा असा असला, तरी त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. ‘श्रु’ या धातूचे ते इच्छार्थक रूप होय. ऐकण्यातून सेवेकडे झालेला हा अर्थप्रवास अकारण नाही. ज्याला दुसऱ्याचे ऐकून घ्यावेसे वाटत नाही, त्याच्या सेवेत केवळ हालचाल उरते. शिकाऊ डॉक्टरांच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न या शब्दाच्या आधारे तपासला, तर त्याचे नैतिक स्वरूप स्पष्ट होते. रुग्णाचे ऐकण्याची अपेक्षा ज्याच्याकडून रात्रंदिवस केली जाते, त्याचे ऐकण्याचे कर्तव्य कोणाचे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्याच अध्यायाच्या शेवटी वैद्याची चतुर्विध वृत्तीही आली आहे: मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रोग्याविषयी प्रीती आणि मरणोन्मुखाविषयी उपेक्षा. ही उपेक्षा म्हणजे अनास्था नव्हे. जेथे उपाय खुंटतो, तेथे वैद्याने राखावयाची ती तटस्थता आहे. तिच्यावाचून निवासी डॉक्टराला एका खाटेवरील मृत्यूनंतर शेजारच्या खाटेकडे वळता येणार नाही. मात्र रुग्णालयीन परंपरेने हीच वृत्ती वैद्याच्या स्वतःच्या दुःखालाही लागू केली, आणि एका विवेकाचे रूपांतर अलिखित आज्ञेत झाले: वैद्याने रोगी होता कामा नये.

या आज्ञेची किंमत आता आकड्यांतही दिसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालासाठी देशभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांची ऑनलाइन पाहणी करण्यात आली. तीत सहभागी झालेल्या पदवीच्या २७.८ टक्के, तर पदव्युत्तर वर्गाच्या १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्या मानसिक विकाराचे निदान झाल्याचे सांगितले. मागील वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आल्याचे मात्र पदवीच्या सुमारे १६ आणि पदव्युत्तर वर्गाच्या सुमारे ३१ टक्के विद्यार्थ्यांनी नोंदवले. हे आकडे शेजारी ठेवले असता एक शंका बळावते: शिक्षणाच्या पायऱ्या चढताना वैद्याची वेदना वाढते आणि निदानापर्यंत जाण्याची त्याची तयारी घटते.

यावर जुन्या पिढीचा आक्षेप असा, की वैद्यकाला कठोर उमेदवारी अपरिहार्य आहे. ज्याला ती सोसत नाही, त्याच्या हाती प्राण कसे सोपवावेत? आक्षेपात तथ्य आहे. रुग्णाचा मृत्यू, स्वतःची चूक, अपुरे ज्ञान यांचा भार कोणतीही व्यवस्था नाहीसा करू शकत नाही. परंतु अपरिहार्य दुःख आणि लादलेले दुःख यांत भेद करणे हे नीतिविचाराचे पहिले काम होय. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी योजनेत सर्वसाधारणतः सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. २०२४ च्या कार्यगटाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. मृत्यूचे दर्शन वैद्याला प्रगल्भ करू शकते. अनिद्रा आणि वरिष्ठांकडून होणारा अपमान कोणाला प्रगल्भ करतो?

समुपदेशनाची कसोटी येथेच लागते. सोसणाऱ्याला आणखी सोसण्यास शिकविणे एवढेच ते करील, तर ते अन्यायाच्या चाकाला घातलेले वंगण ठरेल. ऐकणारा उद्या परीक्षक म्हणून समोर बसणार असेल, तर बोलणारा बोलणारच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सर्वांसाठी खुली आहे. हक्क बजावण्याचे बळ मात्र विभागातील वातावरणातून येते. ‘आज मला झेपत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या गुणांवर वा नावावर डाग पडणार नाही, ही हमी वरिष्ठांनीच द्यावयाची असते.

जागतिक वैद्यक संघटनेने आपल्या १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ साली वैद्याने स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याचे वचन समाविष्ट केले, तेही रुग्णाला उत्तम सेवा मिळावी म्हणून. वचन योग्यच आहे. परंतु येथेही वैद्याचे स्वास्थ्य साधन म्हणून मोजले जाते. वस्तुतः तरुण डॉक्टराचे दुःख ऐकण्यासाठी त्याच्या उपयुक्ततेचे समर्थन लागू नये. तो आर्त आहे, एवढे कारण पुरेसे आहे. चरकाने सांगितलेल्या कारुण्याने आर्तांमधून वैद्याला वगळलेले नाही.