स्मारकाचे मौन आणि कलेची नैतिकता

वसाहतकालीन स्मृतीचा शोध घेणारी समकालीन कला बहुधा एका प्रतिज्ञेने आरंभ करते: ज्यांना बोलू दिले गेले नाही, त्यांना आवाज मिळवून द्यावयाचा. ही प्रतिज्ञा वरकरणी निर्विवाद वाटते. तथापि दुसऱ्याला आवाज मिळवून देणे आणि त्याच्या मुखी आपला आवाज घालणे यांतील सीमारेषा कोठे आखावयाची, हा प्रश्न कोल्हापूरच्या इतिहासातील एका उदाहरणात नेमकेपणाने उभा राहतो.

छत्रपती राजाराम महाराज (१८५०-१८७०) इंग्लंडचा दौरा आटोपून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निवर्तले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. तेथे १८७४ साली उभारलेल्या छत्रीची रचना चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याची. आतील अर्धपुतळा सी. एफ. फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही पुढे मँटनेच केला. म्हणजे परदेशातील 'भारतीयत्व' आणि स्वदेशातील राजवैभव या दोहोंची दृश्य परिभाषा एकाच हाताने सिद्ध केली. फ्लॉरेन्समध्ये तर व्यक्तिनामही मागे पडले: छत्रीजवळ १९७८ साली झालेला पूल 'इंडियानो', अर्थात 'भारतीया'चा पूल, म्हणूनच ओळखला जातो.

महाराजांची प्रवासातील रोजनिशी उपलब्ध आहे; परंतु ती इंग्रजीत आहे, आणि सोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट या अधिकाऱ्याने संपादित करून ती १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा स्वतःचा शब्दही असा मध्यस्थाच्या हातून येतो. या सामग्रीतून व्याकुळ निर्वासित घडविणे जितके सोपे, तितकेच साम्राज्याचे बाहुले घडविणेही. दोन्ही प्रतिमांत मृताचा वापर होतो; फक्त वापरणारा बदलतो.

मौन जपणे म्हणजे सत्तेला अभय देणे, असा आक्षेप येथे संभवतो. तो मौन झाकून ठेवणाऱ्या कलेला लागू पडतो, मौनाची घडण उघड करणाऱ्या कलेला नव्हे. कोणी कोरले, कोणी संपादिले, कोणाच्या भाषेत, हे दाखविणे हाच सत्तेवरील अधिक कठोर अभियोग होय. शिवाय त्यातूनच आणखी एक उणीव दिसू लागते. महाराजांना निदान छत्री लाभली. त्यांच्यासमवेत समुद्र ओलांडून गेलेल्या सेवकवर्गाला तीही नाही. राजाच्या मुखी कल्पित स्वगत घालणारी कला या दुसऱ्या, अधिक गडद मौनापर्यंत पोहोचतच नाही.