राखीव

लग्नकार्यात कुणी ‘आपण काय करता?’ असं विचारलं की मी ‘उपग्रहांचं काम’ असं मोघम सांगतो. समोरचा माणूस आदराने एक पाऊल मागे सरतो. खरं म्हणजे उपग्रह हा टांगा. त्यातलं गिऱ्हाईक म्हणजे पेलोड. त्या गिऱ्हाइकाच्या पोटातली सर्किटं तपासण्यात माझे केस पिकले.

वर ३६,००० किलोमीटरवर मिस्त्री पाठवता येत नाही. म्हणून महत्त्वाच्या डब्याला आम्ही जुळा भाऊ देतो. दोघांनाही सारखंच हादरवायचं, निर्वात पेटीत सारखंच तापवायचं, गारठवायचं. वर गेल्यावर मात्र एकाने पंधरा वर्षं राबायचं आणि दुसऱ्याने बंद पडून राहायचं. हे सगळं ऐकून आमची ही म्हणाली, “म्हणजे स्टेपनी!” झालं. माझी अठ्ठावीस वर्षांची नोकरी एका शब्दात आटोपली.

एकदा आमच्याकडच्या एका पोराने मला विचारलं, “सर, या राखीव डब्यासाठी मी दोन वर्षं घासली. तो कधी चालूच झाला नाही, तर मी केलं काय?”

मी त्याला ‘व्हॉयेजर-२’ची गोष्ट सांगितली. हे अमेरिकन यान १९७७ साली निघालं. १९७८च्या एप्रिलमध्ये त्याचा मुख्य रिसीव्हर गेला. राखीव होता, पण त्याचाही एक कपॅसिटर बिघडलेला. पृथ्वीकडून येणारा सूर जरा सरकला की त्याला ऐकू येईना. घरातल्या कानाने अधू आजोबांशी आपण जसं त्यांना झेपेल त्या पट्टीत बोलतो, तसं इथल्या लोकांनी हिशेब करकरून नेमक्या सुरात बोलायला सुरुवात केली. त्या अधू कानाच्या भरवशावर यान १९८६ साली युरेनसपाशी आणि १९८९ साली नेपच्यूनपाशी जाऊन आलं.

“पण सर, त्याला संधी मिळाली,” पोरगं म्हणालं. “ज्याला मिळतच नाही त्याचं काय?”

कार्टं हुशार होतं. मी पोळ्यांकडे वळलो. आपल्या घरी चार पोळ्या जास्त लाटतात. पाहुणा आला नाही तर सकाळी फोडणीची पोळी होते. अंतराळात तीही सोय नाही! पण त्या चार पोळ्या डब्यात होत्या, म्हणूनच रात्री कडी वाजली तेव्हा घरातल्या बाईच्या पोटात गोळा आला नाही. कडी वाजवणारा वर्गणीवाला निघाला, हा पोळ्यांचा दोष नव्हे. निर्धास्तपणाने दार उघडता येणं, हेच त्यांचं काम. ते त्यांनी न खपता केलं.

यात एक गोम आहे. तयार असलेला बंद डबा आणि नुसताच बंद असलेला डबा बाहेरून अगदी सारखे दिसतात. कचेऱ्यांतून हा दुसरा प्रकार पेन्शनीपर्यंत सुखाने नांदतो. फरक असतो तो आतल्या एकेका सांध्यात, आणि डबा बंद झाल्यावर तो फक्त करणाऱ्यालाच ठाऊक.

पोरगं बराच वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, “पटलं, सर. पण पुढच्या वेळी मला मुख्य डब्यावर टाका.”