दया आणि फी

हुबळी-धारवाडसारख्या शहरात एखादी बाई स्वमग्न मुलांसाठी केंद्र काढते, जागा भाड्याने घेते, शिक्षिका नेमते आणि महिन्याची फी ठरवते. मग आपल्यापैकीच कोणी म्हणते, "सेवा म्हणायचे आणि पैसे घ्यायचे, हे कसे?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा विचार करू या.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. तो दोष खोटा ठरला, पण तोवर आयांनी तो सोसला. आपल्या देशात १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यातही स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते १९९९ व २०१६ च्या कायद्यांत आले. मात्र कायद्याची वाट न पाहता, १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था काढली आणि पुढे शाळाही सुरू केली.

अशा मुलाला रोजचा ठरलेला क्रम लागतो. तीच खोली, तीच वेळ, ओळखीची शिक्षिका. नुसत्या उत्साहावर चाललेले काम उत्साह ओसरला की बंद पडते, आणि त्याचा सर्वांत मोठा घाव त्या मुलावरच बसतो. शिक्षिकेलाही घर आहे. तिला पगार न देता दयेचे काम करवून घेणे ही दया नव्हे.

आपल्या भागाला हे नवे नाही. १८३७ साली धारवाडास आलेल्या बासेल मिशनने पुढे मंगळूरला कौलांचा कारखानाही चालवला. उद्योग आणि सेवा यांत त्यांनी वैर मानले नाही.

तरी धोका आहेच. स्वमग्नता पूर्ण बरी करणारे औषध नाही. "मूल बरे करून देतो" असे सांगून जो पैसे घेतो, तो आईची आशा विकतो. जे खरोखर देता येते, म्हणजे बोलण्याचे, जेवण्याचे, कपडे घालण्याचे शिक्षण, त्याचाच मोबदला घेणे हा प्रामाणिक व्यवहार होय.

पण ज्या आईजवळ फीचे पैसे नाहीत तिचे काय? चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवा. उतारशाळेच्या मालकाने पैसे घेतले, म्हणून त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. जखमी माणसाचा खर्च वाटसरूने दिला. आपण मात्र उतारशाळेच्या मालकाचा हिशेब तपासत बसतो आणि स्वतःचा खिसा उघडत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, पेटीचा सूर लागताच एखादे मूल कान झाकून पळाले, तर ते उर्मट आहे असे समजू नका. त्याला दाराजवळची शांत जागा द्या. आणि मंडळीने एका मुलाची फी उचलली, तर "सेवा की धंदा" हा प्रश्न आपणांस पुन्हा विचारावा लागणार नाही.