न झालेला आजार

गेल्या वर्षी दुर्बिणीतून माझ्या मोठ्या आतड्यातला एक पॉलिप काढला. १४ मिलिमीटरचा. रिपोर्टमध्ये ‘ॲडेनोमा’ आलं. म्हणजे कॅन्सर नव्हे, पण ज्यातून पुढे तो होऊ शकतो अशी वाढ. मी तपासणीला गेलो होतो शौचातून रक्त जात होतं म्हणून. ते रक्त मूळव्याधीचं निघालं; पॉलिप आपला योगायोगानं दिसला. तेव्हापासून वैजापुरात भेटेल तो म्हणतो, “गुरुजी, वाचलात!” मी मान हलवतो. पण नेमका कशातून वाचलो, हे मला सांगता येत नाही.

काढायची रीत तशी साधी वाटते. पॉलिपखाली सुईनं द्रव टोचतात, तो फोडासारखा वर उचलला जातो, आतड्याच्या खालच्या थराला इजा व्हायची भीती कमी होते. मग तारेचा फास टाकून आवळायचा. दुर्बिणीतून असं फासानं काढणं न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी १९६९ मध्ये सुरू केलं. त्याआधी वरच्या भागातल्या अशा गाठींसाठी पोट उघडावं लागे.

मात्र त्या फासात पुरावाही जातो. बहुतेक ॲडेनोमांचा कॅन्सर कधीच होत नाही. ज्यांचा होतो त्यांनाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. माझा कुठल्या जातीचा होता? कळायचा एकच मार्ग होता, तो तसाच ठेवणं. हिशेब लागतो तो गर्दीचा. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: ४५५ जणांना तपासणीला बोलावलं, तेव्हा दहा वर्षांत एकाचा कॅन्सर टळला. (बोलावलेल्यांतले निम्मेसुद्धा आले नव्हते, हेही सांगायला हवं.) आणि तिकडे हा आजार आपल्यापेक्षा बराच जास्त.

हे सगळं मला छळतं ते धाकट्या भावामुळे. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्यायला सांगा. भाऊ ५२ वर्षांचा, कापूस करतो. म्हणाला, “दादा, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडल्याबिगर मी बोंडअळीची फवारणी करत नाही. मला तर काहीच होत नाही.” त्याचं चूक नव्हतं. मी म्हणालो, शौचातलं न दिसणारं रक्त तपासतात, तो स्वस्तातला सापळाच आहे; पण पॉलिप दरवेळी रक्त सोडतोच असं नाही. तो हसला. “म्हणजे सापळाबी फसवा!”

दुर्बिणीची तपासणी म्हणजे संभाजीनगरची खेप, आदल्या रात्रीचे जुलाब, पैसे, आणि थोडा का होईना आतड्याला छिद्र पडण्याचा धोका. हे सगळं त्यानं सोसायचं. आग्रह मात्र माझा. तो गेला आणि काही निघालं नाही, तर मला कुणी बोलणार नाही. पॉलिप निघाला, तर तोही माझ्यासारखा ‘वाचला’. मी गप्प राहिलो आणि चार-पाच वर्षांनी त्याला काही झालं, तर मात्र घरातलं पोरसुद्धा माझ्याकडे बोट दाखवेल. दोष लागण्याची वाट तेवढी एकच. मग माझा आग्रह त्याच्या जिवासाठी आहे की माझ्या सुटकेसाठी? दोन्ही असेल, पण किती कुठलं, हे चाळून काढता येईना.

शेवटी त्याला सगळे आकडे सांगितले, ४५५ चा सुद्धा. खर्च मी करीन म्हटलं, आणि लगेच वाटलं की हेही दडपणच झालं. तो म्हणाला, “वेचणी होऊ दे, मग बघू.”

शेवटची वेचणी होऊन पंधरा दिवस झाले. अजून मी त्याला फोन केलेला नाही.