वाढीव भावाचा धनी

पुण्यातल्या शिवाजीनगरमधल्या जुन्या सोसायट्यांत पुनर्विकासाची बैठक भरली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्पेट एरिया किती वाढवून मिळणार? दुसरा कॉर्पस फंडाचा. जागेला हा भाव आला कुठून, हे कुणी विचारत नाही. बिल्डर तर नाहीच नाही.

भाव आला तो जमिनीखालून. जिल्हा न्यायालयाचं भुयारी मेट्रो स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून दोन मार्गिका तिथे एकमेकींना भेटतात, हिंजवडीच्या २३.३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गिकेचं शेवटचं स्थानकही तिथेच. रेल्वे स्थानक जवळच. २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलेला एसटी स्टँड मूळ जागी परतला की भाव आणखी चढायचा. शिवाय स्थानकापासून ५०० मीटरच्या आत प्रीमियम भरून चारपर्यंत एफएसआय. यातलं घरमालकाने काय केलं? घर विकलं नाही, एवढंच.

जमिनीचा भाव समाजाच्या वावराने वाढतो, तेव्हा ती वाढ समाजाची, असं अमेरिकन अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये मांडलं. विनोबा त्याही पुढे गेले: हवापाण्यासारखी जमीनही ईश्वराची, माणूस फक्त विश्वस्त. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. हे शेतजमिनीपुरतंच, टू बीएचकेला लागू नाही, असं म्हणायची सोय विनोबांनी ठेवलेली नाही. आपल्या कायद्यालाही देव मालक म्हणून चालतो. देवस्थानाच्या जमिनीचा धनी देव असतो, पुजारी नव्हे.

सरकारने आपला वाटा मागितला आहे, पण तऱ्हेवाईकपणे. एप्रिल २०२२ पासून पुण्यात मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. मेट्रोपासून कोसभर लांब पहिलं घर घेणाऱ्यालाही तेवढाच. आणि स्थानकाशेजारी भाव वाढायची वाट बघत बसलेल्याला शून्य. जॉर्जने कपाळाला हात लावला असता.

घरमालकाला विनोबांचा विश्वस्त मानायचं, तर हिशेब आधी शिवाजीनगरमधल्याच कामगार पुतळा वस्तीला द्यावा लागेल. मेट्रोसाठी उठलेल्या तिथल्या कुटुंबांना हडपसर, विमाननगरकडे पक्की घरं मिळाली, हे खरं. पण ज्या जागेला आज भाव आहे ती सुटली, आणि चालत जाण्याच्या अंतरावरची धुण्याभांड्याची कामंही सुटली. अधिभार स्थानकापासूनच्या अंतरावर ठरवून त्यातला हिस्सा या कुटुंबांकडे वळवायला कुठलाही धर्म आड येत नाही. मुद्रांक शुल्काचा तक्ता तेवढा बदलावा लागेल.