मशीन बनवता येतं, सांभाळणार कोण?

बसा. फोन उलटे ठेवा. आज कौतुक होणार नाही, तेव्हा चेहरे आधीच सरळ करून घ्या.

नांदेड-लातूरच्या कॉलेजांत, सहकारी बँकांत, दवाखान्यांत, साखर कारखान्यांत ज्या सर्व्हर रूम आहेत, त्यांच्या किल्ल्या आज तुमच्या खिशात आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या काढणारे तुम्हीच होतात, आणि आज हजारो लोकांच्या मार्कशीट, ठेवी आणि तपासणीचे रिपोर्ट ज्यांच्या भरवशावर पडून आहेत तेही तुम्हीच. म्हणून बोलतोय. तुम्हाला व्हीएम बनवता येते. चार क्लिक केले की नवा सर्व्हर उभा. ते काम आता बारावीचं पोरगंसुद्धा व्हिडिओ बघून करतं. तुम्हाला पगार मिळतो तो सांभाळण्याचा, आणि तिथे तुमची पाटी कोरी आहे.

परवा तुमच्यातल्याच एकाच्या सर्व्हर रूममध्ये गेलो होतो. संस्थेचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर बाकीचे लगेच निर्धास्त होतील. स्क्रीनवर व्हीएमची यादी होती: ‘टेस्ट’, ‘टेस्ट-न्यू’, ‘टेस्ट-फायनल’, ‘फायनल-२’, ‘डिलीट करू नये’. विचारलं, ही कुणाची रे? ‘सर, माझ्या आधी जो होता त्याची.’ मग चालू कशाला ठेवलीय? ‘बंद करायची भीती वाटते सर. काही अडलं तर?’ त्यातल्या एकीवर विंडोज सर्व्हर २००८ आर-टू चालू होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबवले. म्हणजे जिचा मालक माहीत नाही, काम माहीत नाही आणि जिच्यात नवं भोक सापडलं तर बुजवायला कुणी येणार नाही, अशी व्हीएम तुम्ही फी भरून घेणाऱ्या सर्व्हरच्या शेजारी, त्याच नेटवर्कवर पोसताय. आणि वर साहेबांकडे नवीन रॅम मागताय!

ही विद्या काल आलेली नाही. आयबीएमने व्हीएम/३७० आणलं १९७२ मध्ये. तेव्हा यंत्र इतकं महाग होतं की एकच यंत्र अनेकांत वाटून वापरणं भाग होतं. मूळ हेतू काटकसरीचा. तुम्ही त्याच सोयीची उधळपट्टी केली. लोखंडाचा सर्व्हर घ्यायचा तर कोटेशन, मंजुरी, बिल, सगळ्या सह्या लागतात. व्हीएमला कुणाचीच सही लागत नाही, म्हणून कुणीच तिला विचारत नाही. प्रत्येक व्हीएमपुढे टीप लिहायची जागा असते. मालक कोण, काम काय, बंद कधी करायची, एवढ्या तीन गोष्टी तिथे लिहायला किती वेळ लागतो? एका चहापेक्षा कमी. तेवढंही होत नसेल तर ती व्हीएम बनवूच नका.

आता स्नॅपशॉट. त्याच यादीत मुख्य डेटाबेसच्या व्हीएमवर ‘अपडेटच्या आधी’ नावाचा स्नॅपशॉट होता. अपडेट होऊन वर्ष उलटलं, स्नॅपशॉट तिथेच. ‘असू द्या सर, बॅकअप म्हणून ठेवलाय.’ इथे माझा संयम संपतो. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क जिथल्या तिथे गोठते आणि त्यानंतरचं प्रत्येक लिखाण वेगळ्या फाइलीत साठत जातं. ती फाइल रोज फुगते. स्नॅपशॉटवर स्नॅपशॉट चढले की साधी एक नोंद वाचायला अनेक फाइली धुंडाळाव्या लागतात, आणि मूळ डिस्क गेली की सगळे स्नॅपशॉट तिच्यासोबत जातात. व्हीएमवेअर स्वतःच सांगते की एक स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त वापरू नका, साखळी दोन-तीनच्या पुढे नेऊ नका. तुम्ही तासांचं वर्ष केलंत. मग परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी डेटास्टोअर भरतो, व्हीएम जागच्या जागी थांबते, खिडकीवर रांग लागते आणि तुम्ही सांगता, ‘सर्व्हर डाउन आहे.’ सर्व्हर डाउन नसतो. तुम्ही वर्षभर झोपलेले असता.

पाण्याचं गणित आपल्या भागात कुणाला शिकवावं लागू नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एका बोअरवर पन्नास घरांचे नळ जोडले म्हणून बोअरचं पाणी वाढत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी तोटी सोडली की शेवटच्या घरात नुसती हवा येते. थिन प्रोव्हिजनिंगचं तेच आहे. डिस्क दोन टेराबाइटची, आणि व्हीएमना कबूल केली पाच. हे करायला माझी हरकत नाही. लोक एकाच वेळी सगळं वापरत नाहीत, हे खरंच आहे. पण मग रोज पातळी बघायची असते. ऐंशी टक्क्यांवर अलर्ट लावायचा असतो. अलर्ट लावलाय म्हणता? जातो कुठे तो? नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या पोराच्या ईमेलवर! लातूरच्या सर्व्हर रूममधली डिस्क भरतेय हे हिंजवडीत कळतं, आणि तो बिचारा ते वाचतही नाही.

कोरांचंही तसंच. चार कोरांत भागणाऱ्या व्हीएमला सोळा कोर दिले म्हणजे ती चारपट पळेल, हा समज कुठून आणला? होस्टवर गर्दी असेल तर तेवढे कोर वाटून द्यायला शेड्यूलरला कसरत करावी लागते, ताटकळणं वाढतं, आणि ती व्हीएम स्वतःही मंदावते, शेजारणींनाही मंद करते. शेड्यूलिंगचा धडा तुम्ही गुणांपुरता पाठ केला, एवढाच याचा अर्थ.

‘आमच्याकडे दोन होस्ट आहेत सर, एक पडला तर दुसरा आहे.’ हे वाक्य मी दोन्ही शहरांत ऐकलंय. चला, बेरीज करू. दोन होस्ट, प्रत्येकी २५६ जीबी रॅम, आणि दोघांवर २००-२०० जीबी कायम चालू. एक पडला. आता ४०० जीबीचं बिऱ्हाड २५६ मध्ये बसवून दाखवा. नाही बसत. म्हणजे दुसरा होस्ट तुम्ही आधाराला ठेवला नव्हता, तोही खाऊन बसला होता. दोन होस्टचा आधार हवा असेल तर दोघांवर मिळून एकाला पेलेल एवढंच चालवायचं. हे चौथीचं गणित आहे.

काहींनी तर प्रॉक्समॉक्सवर दोनच होस्टचं क्लस्टर उभं केलंय. दोन होस्ट, म्हणजे दोनच मतं. एक होस्ट गेला की उरलेल्याकडे बहुमत नाही, मग तो नवीन व्हीएम चालूही करू देत नाही आणि सेटिंग बदलूही देत नाही. बरोबरच वागतो तो. पलीकडचा खरंच मेलाय की नुसती केबल निघालीय हे त्याला कसं कळावं? दोघांनी एकाच डिस्कवर लिहायला सुरुवात केली तर डेटाचा चोथा होईल. उपाय स्वस्त आहे. अडगळीतल्या एखाद्या जुन्या पीसीवर तिसरं मत ठेवायचं. तुम्ही काय केलं? इंटरनेटवरून कमांड उचलली, ‘एका मतावर चालव’ असं दटावून सांगितलं आणि घरी गेलात.

बॅकअपकडे येतो, आणि इथे कुणी हसायचं नाही. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं ऑनलाइन काम अडलं. त्या महामंडळाची प्रादेशिक कार्यालयं नांदेडलाही आहेत आणि लातूरलाही. बॅकअप वेगळ्या नेटवर्कवर होता म्हणून तो वाचला, असं तेव्हा महामंडळाने सांगितलं. आता तुमचं सांगा. तुमचा बॅकअप त्याच होस्टवर, त्याच पासवर्डखाली, फार तर त्याच खोलीतल्या नॅसवर. चोर आला तर त्याला दुसरं कुलूपही फोडावं लागत नाही.

आणि त्याच इमारतीत बॅकअप ठेवायची हिंमत या मुलखात होते तरी कशी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. सुमारे दहा हजार माणसं गेली त्या भूकंपात. त्यापुढे डेटाचं नुकसान क्षुल्लक आहे, मान्य. पण जमीन हलू शकते हे ज्यांना आईच्या तोंडून कळलंय, त्यांनी तरी दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवावी की नाही? नांदेड आणि लातूर एकमेकांपासून शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहेत. नांदेडकरांनी एन्क्रिप्ट केलेली प्रत लातूरला ठेवा, लातूरकरांनी नांदेडला. दोन संस्थांनी लेखी करार केला, एक लाइन घेतली, रात्री प्रत पाठवली. याला मंत्रालयाचा जीआर लागत नाही.

पण प्रत पाठवून भागत नाही. तुमच्यापैकी किती जणांनी बॅकअपवरून एक तरी व्हीएम परत उभी करून पाहिली आहे? हात वर करा. दिसतंय मला. लातूर पॅटर्नच्या गावातली पोरं तुम्ही. एका परीक्षेसाठी सराव परीक्षांचा ढीग उपसलात, प्रत्येक चूक लाल पेनने खुणावलीत. आणि नोकरीतली खरी परीक्षा मात्र सरावाशिवाय द्यायला निघालात?

सुरक्षेचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभरातल्या व्हीएमवेअरच्या हजारो ईएसएक्सआय होस्टवर एकाच धडाक्यात रॅन्समवेअर शिरलं. मुख्य संशय होता जुन्या भोकावर, आणि ते बुजवणारा पॅच फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होता. दोन वर्षं! होस्ट चोराच्या हाती पडला की त्याच्यावरच्या सगळ्या व्हीएमच्या डिस्क एकाच रात्रीत कुलूपबंद होतात, हा या व्यवस्थेचा स्वभाव आहे. म्हणून होस्टचं व्यवस्थापन पान इंटरनेटवर उघडं ठेवायचं नसतं, त्याचं नेटवर्क वेगळं असतं, आणि त्याचा पासवर्ड पाच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर सायबर हल्ल्यात अडकले, रुग्णांचं काम हाताने करावं लागलं. नेटवर्कचे नीट भाग पाडले नव्हते, असं सरकारनेच नंतर संसदेत सांगितलं. केंद्र सरकारच्या सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश वाचलाय कुणी? सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायची. सहा तास! तुमच्याकडे तर घटना झालीय हेच आठवड्याने कळतं.

आता सबबी. मला सगळ्या तोंडपाठ आहेत. पहिली, ‘सर, लाइट जाते.’ जाते. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो आणि एसीही दम टाकतो. हे सगळं माहीत आहे म्हणूनच यूपीएस असतो. पण त्याची सिग्नलची केबल सर्व्हरला जोडलीच नाही, तर बॅटरी संपत आलीय हे सर्व्हरला कळणार कसं? व्हीएम आधी, होस्ट नंतर, स्टोअरेज सगळ्यात शेवटी बंद करायचं. चालू करताना उलटा क्रम, आणि व्हीएममध्ये डीएनएसची सगळ्यांच्या आधी. हा क्रम कागदावर लिहून रॅकच्या दारावर चिकटवा. रात्री दोनला वॉचमन तुम्हाला फोन करेल तेव्हा आठवणीवर भरवसा नको.

दुसरी, ‘बजेट नाही.’ नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली, कायमचे परवाने विकणं बंद केलं आणि वर्गणी लावली. लहान संस्थांना ते जड गेलं, कबूल. म्हणून क्रॅक टाकायचं? केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, फुकट आहे. पैसे लागत नाहीत, अभ्यास लागतो. आणि मालक लिहायला, जुने स्नॅपशॉट काढून टाकायला, अलर्टचा पत्ता बदलायला कोणतं बजेट लागतं?

तिसरी, ‘साहेब ऐकत नाहीत.’ तोंडी सांगाल तर नाहीच ऐकणार. एका पानावर लिहून द्या: हा होस्ट पडला तर काय काय बंद पडेल, किती तास, आणि टाळायला किती खर्च. खाली सही करा, पोच घ्या. साहेबांना क्लस्टर कळत नाही, पण पोच घेतलेला कागद बरोबर कळतो.

तर या आठवड्यात एवढं करायचं. प्रत्येक व्हीएमपुढे मालकाचं नाव. ज्यांचा मालक सापडत नाही त्या बॅकअप घेऊन बंद करायच्या, महिनाभर कुणी विचारलं नाही तर काढून टाकायच्या. जुने स्नॅपशॉट, डेटास्टोअरवर जागा आहे का ते पाहून, गर्दी नसलेल्या वेळी काढायचे. अलर्ट जिवंत माणसाच्या फोनवर. होस्टचे पॅच लावायचे. आणि एक महत्त्वाची व्हीएम बॅकअपवरून वेगळ्या नेटवर्कवर उभी करायची, घड्याळ लावून. किती वेळ लागला ते वहीत लिहायचं, खाली तारीख.

पुढच्या वेळी भेटाल तेव्हा किती व्हीएम आहेत हे मी विचारणार नाही. शेवटचा रिस्टोअर कोणत्या तारखेला केला, एवढंच विचारीन. ज्याच्याकडे ती तारीख नाही, त्याच्याकडे बॅकअप नाही. निघा आता, आणि आजच सुरुवात करा.