फुकट दिलेली कथा कुणाला महाग पडते?

एप्रिल संपत आला की दिवाळी अंकांचे निरोप सुरू होतात. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, आता व्हॉट्सॲपवर एकच मजकूर सगळ्यांना जातो. कथा हवी, तीन हजार शब्दांपर्यंत, युनिकोडमध्ये, सोबत फोटो आणि चार ओळींचा परिचय, तीस जूनच्या आत. शेवटी, जोडलेल्या हातांच्या चित्राआधी, एक ओळ असते: यंदा मानधन देता येणार नाही, अंकाची प्रत मात्र आवर्जून पाठवू. हे 'यंदा' गेली कित्येक वर्षं चालू आहे.

मी पुण्याच्या वारज्यात राहतो. बँकेतून निवृत्त झालो, पेन्शन वेळेवर जमा होते आणि कथा लिहितो. मानधनाच्या हजार-दोन हजारांवाचून माझं काही अडत नाही, त्यामुळे हे माझं स्वतःचं रडगाणं नाही. ज्याचं अडतं तो बोलत नाही. बोलला तर पुढच्या वर्षी निरोपसुद्धा येणार नाही, अशी त्याला धास्ती असते.

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्री एक मुलगा असतो. परभणीकडचा. संध्याकाळी सात ते सकाळी सात अशी बारा तासांची ड्युटी आणि एजन्सीकडून होणारा, कधीच एक तारखेला न होणारा पगार. साडेबारानंतर गाड्यांची ये-जा थांबली की तो मोबाईलवर अंगठ्यानं कथा लिहितो. उचल अंगावर असलेल्या एका ऊसतोड जोडप्याची त्याची कथा मी वाचली. कोयत्याला धार कुणी लावायची, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं नवरा-बायकोचा अख्खा संसार उभा केला होता. चाळीस वर्षं कथा वाचणाऱ्या माणसाला जे पटकन कळतं ते मला कळलं: हा लिहिणारा आहे.

"कुठं पाठवलीस का ही?"

"पाठवली ना सर. छापूनबी आली मागल्या दिवाळीत."

"मग?"

"अंक पाठवतो म्हणले होते, आला नाही. मीच आप्पा बळवंत चौकात जाऊन घेतला. साडेतीनशेला."

सुरात तक्रार नव्हती. उलट केबिनमधल्या रजिस्टराखालून त्यानं तो अंक काढला, प्लॅस्टिकची पिशवी सोडली आणि स्वतःच्या नावाचं पान मला कौतुकानं दाखवलं. त्याच अंकात कागदवाल्याला, छापखान्याला, टायपिंग करणाऱ्याला, बाइंडरला आणि कुरिअरवाल्याला पैसे मिळाले. ज्याच्यामुळे अंकाला पानं लागली, त्यानं मात्र पदरचे साडेतीनशे घातले.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मराठीत लेखनावर कोण जगलं आहे? प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रात नोकरीला होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. अरविंद गोखले पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात होते, द. मा. मिरासदार गरवारे कॉलेजात. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा संग्रह लिहिणारे बाबूराव बागूल रेल्वेत होते. आमच्या वारज्याला खेटून असलेल्या हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात बाळूताई खरे शिकल्या. पुढे शिक्षिका झाल्या आणि १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' लिहून त्यांनी महाराष्ट्राची झोप उडवली. नाव लपवावं लागलं, तरी हातात स्वतःच्या कमाईचा पगार होता.

म्हणजे मराठी कथा फुकटात झाली असं म्हणणंच चूक आहे. तिचं बिल भरलं जात होतं, फक्त ते संपादक किंवा वाचक भरत नव्हते. आकाशवाणी भरत होती, रेल्वे भरत होती, कॉलेजं आणि शाळा भरत होत्या. कायम नोकरी, ठरलेली सुट्टी, म्हातारपणी पेन्शन, या आधारावर माणूस रविवारी सकाळी कागद घेऊन बसू शकत होता. ज्यांना असा आधार नव्हता त्यांचं काय झालं, हे पाहायचं तर अण्णा भाऊ साठ्यांकडे पाहावं. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून त्यांनी कथा-कादंबऱ्यांचा ढीग लिहिला आणि १८ जुलै १९६९ रोजी हलाखीत ते गेले. आज त्यांच्या जयंतीला वस्तीवस्तीत कमानी लागतात. हयात असताना त्यांच्या लेखणीचा पैसा त्यांच्या घरापर्यंत पुरेसा पोचला नाही.

आता तो पगाराचा आधारही आटत चालला आहे. कॉलेजात मराठी शिकवणारी मुलं तासिका तत्त्वावर राबतात, उन्हाळ्यात हातात काही नसतं. बाकीची कुणी कंत्राटावर, कुणी गणपती माथ्याच्या चौकात खांद्याला पिशवी अडकवून पुढच्या ऑर्डरची वाट पाहत. रामनगरातून चार घरची कामं करायला निघणाऱ्या बाईकडे सांगण्यासारख्या गोष्टी माझ्यापेक्षा दसपट असतील, लिहायला तिला कुठली सवड? कथेला मोल नसेल तर कथा लिहायला उरतो आम्ही: पेन्शनर, पक्क्या नोकरीतले, किंवा जोडीदाराचा पगार चांगला असलेले. मग दिवाळी अंक उघडला की पुन्हा तेच निवृत्त गृहस्थ, तीच अमेरिकेतली मुलं, तोच रिकामा फ्लॅट. वाचक कंटाळून म्हणतो, मराठी कथेत आता राम राहिला नाही. राम आहे, पण तो नाइट ड्युटीवर आहे.

म्हणून माझं पहिलं भांडण संपादकांशी नाही, माझ्यासारख्यांशी आहे. "आम्हाला पैशांची गरज नाही हो" असं म्हणून आपण कथा देतो तेव्हा त्यात औदार्य वाटतं. पण आपल्या या औदार्यामुळे त्या परभणीच्या मुलाच्या मेहनतीचा भाव शून्य ठरतो. संपादकाला तीस कथा फुकट मिळत असतील तर एकतिसाव्यासाठी तो खिशात हात का घालील? गरज नसणाऱ्यानं मानधन मागितलंच पाहिजे. मिळाल्यावर ते हवं तर वाचनालयाला द्यावं, पण आधी घ्यावं. सरस्वतीचा बाजार मांडू नये, असं सांगणारे भेटतात. गवयाला बिदागी देताना, भटजींना दक्षिणा देताना हीच मंडळी सरस्वतीला मध्ये आणत नाहीत.

संपादकांची बाजू मला ठाऊक आहे. कागद महागला, विक्रेत्याचं कमिशन मोठं, टपालाचा खर्च वेगळा. अनेक जण पदरमोड करून अंक काढतात. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची परंपरा मोडायला त्यांचं मन धजत नाही, याचा आदरच आहे. छोटे असूनही दिवाळीच्या आत लेखकाच्या खात्यात पैसे टाकणारे संपादकही आहेत. त्यांना जमतं याचं कारण सोपं आहे. ते पंचवीस कथा छापत नाहीत, आठ छापतात. पानं कमी करा. ज्याला मोबदला देता येत नाही इतका मजकूर छापायचा हट्ट कशासाठी?

पैशाइतकाच उत्तराचा प्रश्न आहे, तो तर फुकटात सुटण्यासारखा. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. तिच्याविषयी रागावून बोलणारे पुष्कळ होते, पण तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकाला सविस्तर पत्र लिहीत, हे तेही मान्य करत. आता नकारसुद्धा कळवला जात नाही. निळ्या खुणा उमटतात आणि दिवाळीत अनुक्रमणिका पाहून कळायचं ते कळतं.

कायदा मात्र लेखकाच्या बाजूनं उभा आहे, हे नव्या लेखकांना कुणी सांगत नाही. 'सर्व हक्क संपादकाधीन' अशी ओळ अंकात छापली म्हणून हक्क जात नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी करार आणि लेखकाची सही लागते. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे त्यात असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. एरवी हक्क लेखकाकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतात. अण्णा भाऊंच्या लेखनावरचा वारसांचा हक्क या हिशेबानं २०२९ अखेरपर्यंत आहे. उद्या तुमच्या कथेवर कुणाला वेब सिरीज काढायची असेल तर त्यानं तुमच्या दाराशी यायचं आहे. नवोदितांकडून पैसे घेऊन 'प्रातिनिधिक कथासंग्रह' काढणाऱ्यांना आणि प्रवेशशुल्क लावून कथास्पर्धा भरवणाऱ्यांना सरळ नकार द्यावा.

राहिले वाचक. शेजारचे एक काका मागच्या दिवाळीत जिन्यात भेटले. "तुमची गोष्ट झकास! पीडीएफ आली होती ग्रुपवर, मी आणखी चार ग्रुपला टाकली." त्यांच्या मनात माझ्याविषयी निखळ प्रेम होतं, यात शंका नाही. फराळाला हजारो रुपये घालणाऱ्या घरात एका अंकाला चारशे जड का व्हावेत, हे मी त्यांना तिथंच विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "खरंय." यंदा त्यांनी एक अंक विकत घेतला तर माझी तेवढ्यावर समजूत पटेल. एवढंही परवडत नसेल त्यांच्यासाठी गल्लीतल्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना आहे. तिथं थोड्या वर्गणीत ढीगभर अंक वाचता येतात आणि अंक विकतही घेतला जातो.

पण अंक मुख्यतः जाहिरातींवर चालतो, म्हणून शेवटची विनंती जाहिरातदारांना. पतसंस्था, सराफ, बिल्डर, मसालेवाले, आपण दरवर्षी मराठीच्या प्रेमापोटी पान घेता. यंदा जाहिरातीचा मजकूर पाठवताना संपादकांना एवढंच विचारा, की लेखकांना किती देणार आणि कधी. उत्तर लेखी मागा. जाहिरातींचे चेक साधारण ऑगस्टमध्ये निघतात, म्हणजे विचारायला अजून वेळ आहे.